बोलक्या चेहऱ्यामागच्या कळा

‘झपाटलेला’ १९९३ साली पडद्यावर आला आणि तात्या विंचू महाराष्ट्रातल्या पोराटोरांच्या स्वप्नात शिरला. तो बाहुला घडवला होता शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला त्याआधी कित्येक वर्षे मराठी माणसाला हसवत होता. शब्दभ्रमकाराच्या बोलक्या बाहुल्याचे डोके आतून पोकळ असते. त्यात जबडा खाली ओढणारी एक कळ असते, बुबुळे डावी-उजवीकडे फिरवणारी दुसरी, आणि काही बाहुल्यांत पापण्यांची किंवा भुवयांची आणखी एखादी. शब्दभ्रमकाराचा हात बाहुल्याच्या पाठीतून आत जातो आणि या कळा बोटांनी चालवतो. एका हाताच्या बोटांना जेवढ्या कळा झेपतील, तेवढेच त्या चेहऱ्याचे भाव.

संगणकातल्या बाहुल्याला बोटांची ही मर्यादा नाही. त्याच्या चेहऱ्याला पाचशे कळा जोडल्या तरी त्या जागा अडवत नाहीत आणि झिजतही नाहीत. अडचण इथूनच सुरू होते. कितीही कळा बसवता येत असतील, तर नेमक्या कोणत्या बसवायच्या? हसू ही एक कळ की चार कळांची बेरीज? ‘दुःख’ नावाची कळ असावी का? अॅनिमेशनच्या जगात कळांच्या या यंत्रणेला ‘रिग’ म्हणतात आणि ती बांधणाऱ्याला ‘रिगर’. पडद्यावर त्याचे काम वेगळे असे कधीच दिसत नाही. पण एखादे पात्र मनाला भिडते की नुसतेच तोंड हलवते, याचा बराचसा निकाल पहिले दृश्य हलण्याआधी या रिगरच्या टेबलावर लागलेला असतो.

कामाची वाटणी साधारण अशी असते. मॉडेलर चेहऱ्याचे शिल्प घडवतो. हजारो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे ते जाळे असते, पण पुतळ्यासारखे निश्चल. रिगर त्या जाळ्यात हालचालीची यंत्रणा बसवतो आणि तिच्या मुठी बाहेर काढून ठेवतो. अॅनिमेटर त्या मुठी धरून अभिनय करतो. मोठ्या चित्रपटात एका अॅनिमेटरच्या हातून आठवड्याला जेमतेम काही सेकंदांचे काम होते. त्या काही सेकंदांत त्याचे लक्ष पात्राच्या मनात असायला हवे, यंत्रणेच्या कटकटीत अडकता कामा नये.

चेहरा आणि कोपर

शरीराचे रिगिंग तुलनेने सरळ असते. कोपर म्हणजे एक सांधा, दोन बाजूंना दोन हाडे. हाड वळले की त्याच्याभोवतीचे मांस आणि कातडी सोबत जाते. संगणकात तशीच आभासी हाडे ठेवायची आणि जाळ्यातला कोणता बिंदू कोणत्या हाडाचे किती ऐकेल हे ठरवून द्यायचे. या वाटपाला ‘वेट’ देणे म्हणतात.

चेहऱ्याला हा नियम लागू होत नाही. माणसाच्या कवटीत २२ हाडे असतात आणि त्यांतले हलणारे हाड एकच, खालचा जबडा. बाकी सगळा खेळ स्नायूंचा. हातापायांचे स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र हाडापासून निघून थेट कातडीत रुततात. म्हणून ते सांधा वळवत नाहीत, कातडीच ओढतात. पलंगावरची चादर एका कोपऱ्यातून ओढली की सुरकुत्या पार मधोमध पोचतात, तसेच इथे होते. ओठाचा कोपरा वर गेला की गाल फुगून वर चढतो, नाकापासून ओठाकडे येणारी घडी खोल होते, खालची पापणी किंचित उचलली जाते. कोपरा हलवला आणि गाल जागेवरच ठेवला, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ते हसू त्याला पटत नाही.

भावांची यादी की हालचालींची?

संगणकावर हलणारा पहिला त्रिमितीय मानवी चेहरा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क यांनी १९७२ मध्ये तयार केला. त्यांनी खऱ्या चेहऱ्यावर बहुकोन आखून छायाचित्रांवरून मापे घेतली, वेगवेगळे भाव असलेले चेहरे संगणकात उभे केले आणि एका भावातून दुसऱ्या भावात जाताना मधल्या स्थिती संगणकाकडून काढून घेतल्या. त्यांच्यासोबत त्याच सुमारास एड कॅटमल संगणकावर हाताचा पंजा हलवत होते. पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झालेले कॅटमल ते हेच.

पार्क यांच्या पद्धतीची मर्यादा लवकरच दिसली. आधीपासून तयार ठेवलेल्या भावांपलीकडे तो चेहरा जाऊ शकत नव्हता. मग १९७४ मधल्या आपल्या प्रबंधात त्यांनी दुसरी वाट धरली. अख्खे भाव साठवण्याऐवजी चेहऱ्याचे लहान लहान गुणधर्म वेगळे केले. जबडा किती उघडा, पापणी किती मिटलेली, भुवई किती वर, अशा प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र आकडा दिला. हे आकडे एकत्र येऊन भाव घडवू लागले आणि आधी कोणी तयार न केलेला भावही त्यातून निघू लागला.

आजही उत्तम रिगचा पाया हाच आहे. ‘आनंद’, ‘राग’, ‘भीती’ अशा तयार कळा नवशिक्याला सोयीच्या वाटतात, पण त्या अॅनिमेटरच्या हातातला अभिनय काढून घेतात. रागावलेली आई आणि रागावलेला सावकार यांचे राग वेगळे असतात. एकाच कळीने दोघांना रागावायला लावले, तर दोघेही खोटे वाटतात.

हालचाली वेगळ्या काढण्याचे काम संगणकाच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विजेच्या सौम्य झटक्याने चेहऱ्याचा एकेक स्नायू आकसवून काढलेली छायाचित्रे आहेत. मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे उचलणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो इच्छेने सहजासहजी आकसवता येत नाही, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. डार्विनने १८७२ मध्ये भावदर्शनावर लिहिलेल्या पुस्तकात ड्युशेन यांची छायाचित्रे वापरली. पुढे पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीजन या मानसशास्त्रज्ञांनी, स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ ह्योर्टशो यांच्या कामाचा आधार घेऊन, १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक संकेतपद्धती प्रसिद्ध केली. तिचे संक्षिप्त नाव ‘फॅक्स’. तिच्यात प्रत्येक सुट्या हालचालीला क्रमांक आहे. भुवईचे आतले टोक वर जाणे हा क्रमांक १, बाहेरचे टोक वर जाणे २, भुवई खाली येणे ४, गाल वर चढणे ६, ओठांचा कोपरा तिरका वर ओढला जाणे १२. ड्युशेन यांचे खरे हसू म्हणजे ६ आणि १२ एकत्र. ही पद्धती मानसशास्त्रासाठी घडवली गेली, पण पुढे चित्रपटांच्या रिगरना ती आयती हाती आली.

मराठी वाचकाला इथे भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण व्हायला हवी. त्याचा आठवा अध्याय उपांगांच्या अभिनयाचा आहे. त्यात ३६ दृष्टी सांगितल्या आहेत आणि शिवाय अवयवानुसार हालचालींची मोजदाद आहे. बुबुळांच्या ९, पापण्यांच्या ९, भुवयांच्या ७, नाकाच्या ६, गालांच्या ६, खालच्या ओठाच्या ६, हनुवटीच्या ७. प्रत्येक हालचालीला नाव, वर्णन आणि ती कुठे वापरावी याचा विनियोग दिलेला आहे. दोन्ही भुवया एकदम किंवा एकेक करून उचलणे म्हणजे ‘उत्क्षेप’, खाली आणणे म्हणजे ‘पातन’. भरताचा हेतू नटाला शिकवण्याचा होता आणि फॅक्सचा हेतू चेहरा नोंदवण्याचा. तरी दोघांनी चेहऱ्याची विभागणी अवयवांच्या हालचालींवर केली. रिग बांधायला बसलेल्या मराठी तरुणाने फॅक्सचा तक्ता आणि नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय शेजारी शेजारी ठेवावेत. पहिला त्याला स्नायू दाखवील, दुसरा त्या स्नायूंचा रंगभूमीवरचा उपयोग.

बदली चेहरे आणि कळीचे डोके

स्टॉप-मोशन म्हणजे खऱ्या बाहुल्या फ्रेमगणिक हलवून केलेले अॅनिमेशन. त्यात चेहरा बोलका करण्याच्या दोन परंपरा आहेत. पहिलीत प्रत्येक भावासाठी वेगळा चेहरा घडवतात आणि फ्रेम बदलताना चेहराच बदलतात. ‘कोरलाइन’ या २००९ च्या चित्रपटासाठी असे बदली चेहरे त्रिमितीय छपाईने काढले होते. दुसऱ्या परंपरेत चेहरा एकच, पण मऊ कातडीखाली बारीक यंत्र बसवलेले असते. २००५ च्या ‘कॉर्प्स ब्राइड’मधल्या बाहुल्यांच्या डोक्यात इवलीशी चाके होती आणि कानाच्या छिद्रात किल्ली घालून फिरवली की ओठांचा कोपरा किंचित सरकत असे.

संगणकातही नेमक्या याच दोन वाटा आहेत. हाडांची वाट कळीच्या डोक्यासारखी चालते. जबडा, डोळे, जीभ अशा फिरणाऱ्या भागांसाठी ती उत्तम, कारण या भागांना खरोखरच आस असते. मात्र जबड्याची आस तोंडाच्या कोपऱ्याशी ठेवू नये. ती कानाच्या पुढ्यात ठेवावी. आरशात पाहत मोठी जांभई द्या, कानापुढे बोट ठेवा, म्हणजे जबडा नुसता फिरत नाही, थोडा पुढेही सरकतो हे जाणवेल. ही सरक विसरली की उघडलेले तोंड पेटीच्या झाकणासारखे दिसते.

दुसरी वाट ‘ब्लेंडशेप’ची, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तिला ‘शेप की’ म्हणतात. ही बदली चेहऱ्यांची वाट, पण एका मोठ्या फरकाने. इथे चेहरे बदलत नाहीत, मिसळतात. शांत चेहऱ्याचे जाळे घ्यायचे, त्याची प्रत काढून ओठांचा एक कोपरा वर उचलायचा आणि दोहोंतला फरक साठवायचा. समजा, शांत चेहऱ्यात ओठाचा कोपरा ० उंचीवर आहे आणि हसऱ्या आकारात तो १० एकक वर जातो. कळ अर्धी ओढली की तो ५ वर येईल. दुसऱ्या एका आकारात तोंड उघडल्यावर तोच कोपरा ६ एकक खाली जात असेल, तर दोन्ही कळा पूर्ण ओढल्यावर तो १० उणे ६, म्हणजे ४ वर थांबेल. जाळ्यातल्या प्रत्येक बिंदूसाठी संगणक अशीच साधी बेरीज करत असतो.

हा साधेपणाच ब्लेंडशेपचा मोठा गुण आणि त्याचा मोठा दोषही. बेरीज सरळ रेषेत चालते आणि चेहरा वक्र असतो. पापणी हे त्याचे ठळक उदाहरण. उघड्या स्थितीतला पापणीचा बिंदू मिटलेल्या स्थितीकडे सरळ रेषेत निघाला, तर वाटेत तो गोल बुबुळाच्या पोटात शिरतो आणि अर्ध्या मिटलेल्या पापणीतून डोळा बाहेर डोकावतो. यावर उपाय म्हणून अर्ध्या वाटेवर एक वेगळा आकार ठेवावा लागतो, म्हणजे पापणी बुबुळावरून वळसा घेऊन उतरते. दुसरा दोष मिश्रणाचा. हसणे सुंदर, तोंड उघडणे सुंदर, पण दोन्ही एकदम केले की ओठ चिरडल्यासारखे होतात. मग त्या जोडीसाठी ‘दुरुस्ती आकार’ घडवावा लागतो; दोन्ही कळा ओढल्या गेल्या की तो आपोआप जागा होतो. ५० आकारांच्या रिगमध्ये दोन-दोनच्या १२२५ जोड्या होतात. सगळ्या जोड्या दुरुस्त करत बसणे कोणालाच परवडत नाही. कोणत्या जोड्या अभिनयात वारंवार येतील हे ओळखून तेवढ्याच सुधारणे, हे रिगरच्या अनुभवाचे काम.

या सगळ्याच्या आधी जाळ्याची घडण तपासावी लागते. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती रेषांची वर्तुळे असावी लागतात, कारण खऱ्या चेहऱ्यातही तिथे गोलाकार स्नायू असतात. रेषा आडव्यातिडव्या गेल्या तर कोणतीही कळ नीट चालत नाही. ‘शांत चेहरा’ही खरोखर शांत हवा. मूळ चेहऱ्यातच थोडे हसू ठेवले, तर ते पात्र शोकप्रसंगातही किंचित हसरेच राहते.

आणखी एक पथ्य डाव्या-उजव्याचे. खरा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलत नाही. म्हणून प्रत्येक आकाराचे डावे-उजवे भाग सुटे करतात आणि नाकाच्या रेषेवर ते एकमेकांत हळूच विरतील असे बघतात. एकच भुवई वर जाणे, हसू आधी एका गालावर उमटून मग दुसरीकडे पोचणे, एवढ्यानेच चेहऱ्यात जीव येतो.

डोळे

रिगसाठी वेळ थोडा असेल, तर तो डोळ्यांवर खर्च करावा. प्रेक्षक चेहऱ्यात पहिल्यांदा तिथेच पाहतो.

डोळे फिरवण्यासाठी चेहऱ्यापुढे हवेत एक लक्ष्यबिंदू ठेवतात. तो जिकडे जाईल तिकडे दोन्ही डोळे वळतात. लक्ष्य जवळ आले की बुबुळे नाकाकडे झुकतात, दूर गेले की जवळपास समांतर होतात. हा कोन चुकला की पात्र समोरच्याशी बोलत असूनही त्याच्या आरपार शून्यात पाहते. त्याहून जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे पापणीची सोबत. आपण खाली पाहतो तेव्हा वरची पापणी बुबुळाबरोबर खाली येते आणि वर पाहताना वर जाते. रिगमध्ये पापणी जागेवरच राहिली, तर खाली पाहणारे पात्र दचकलेले दिसते, कारण बुबुळाच्या वर पांढरे दिसू लागते आणि ते पांढरे आपण भीतीशी जोडतो. चांगल्या रिगमध्ये ही सोबत आपोआप घडते, शिवाय ती कमीजास्त करायची कळही दिलेली असते.

नजर एका जागेवरून दुसरीकडे सरकत नाही, उडी मारते. चित्रपटाच्या सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर ही उडी बहुधा एकदोन फ्रेममध्ये संपते. पापणीची उघडझाप सेकंदाच्या एकदशांशापासून चारदशांशापर्यंत चालते. नवखा अॅनिमेटर नजर सावकाश सरकवतो आणि पात्र झोपेत असल्यासारखे वाटते. रिगरने डोळ्यांची कळ हलकी आणि तत्पर ठेवली, तर ही चूक सुधारणे सोपे जाते.

मराठी बोलणारे ओठ

संवादासाठी प्रत्येक ध्वनीचा वेगळा आकार लागत नाही. बाहेरून सारखे दिसणारे ध्वनी एकाच आकारात बसतात. ‘बाबा’, ‘पापा’ आणि ‘मामा’ हे शब्द आवाज बंद करून म्हणायला लावले, तर ओठांवरून कोणता कोणता ते सांगता येणार नाही. आपल्या वर्णमालेने हा हिशेब आधीच मांडून ठेवला आहे. तिचे वर्ग उच्चाराच्या जागेनुसार आहेत आणि एका वर्गातली अक्षरे घोष, श्वास आणि नासिक्य यांनी बदलतात. हे तिन्ही बदल ओठांवर जवळपास उमटत नाहीत. म्हणून प-वर्गाला मिटलेल्या ओठांचा एक आकार पुरतो. त-वर्गात जिभेचे टोक वरच्या दातांमागे दिसते. क-वर्ग मागे कंठाशी घडत असल्याने त्याचा आकार पुढच्या स्वराकडून उसना येतो. ‘की’ आणि ‘कू’ आरशात म्हणून पाहा, क उच्चारण्याआधीच ओठ पसरलेले किंवा गोल झालेले दिसतील. स्वर मात्र सगळे बाहेरून दिसतात. आ साठी जबडा, इ साठी पसरलेले कोपरे, उ साठी पुढे आलेले गोल ओठ.

मराठीच्या काही खास गरजाही आहेत. ‘फळ’मधला फ ओठ मिटून सुटतो आणि ‘फोन’मधला फ बहुतेकांच्या तोंडी खालचा ओठ वरच्या दातांना लावून येतो, रिगमध्ये दोन्ही आकार हवेत. ‘बाळ’मधल्या ळ ला जिभेचे टोक मागे वळते, ते उघड्या आ नंतर येत असल्याने जवळच्या दृश्यात दिसू शकते. म्हणून जीभ उचलणे, पुढे आणणे आणि टोक मागे वळवणे एवढ्या तीन कळा तरी मराठी चेहऱ्याला द्याव्यात.

ओठ मिटण्याच्या ध्वनींना सर्वाधिक जपावे. प, ब, म च्या वेळी ओठ खरोखर मिटलेले दिसले नाहीत, तर सगळा संवाद डब केल्यासारखा वाटतो. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवून दिले की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. प्रेक्षक डोळ्यांनीही ऐकतो, त्यामुळे ओठांची चूक आवाजालाही बाधते.

कळा कोणाच्या हाती

रिग बांधून झाला की उरतो प्रश्न मुठींचा. काही रिगर पडद्याच्या बाजूला आडव्या-उभ्या पट्ट्या मांडतात, काही चेहऱ्यावरच लहान वर्तुळे ठेवतात, म्हणजे भुवई उचलायची तर भुवईवरचेच वर्तुळ धरून ओढायचे. दुसरी रीत मनाला जवळची वाटते. कोणतीही रीत घेतली तरी एक शिस्त पाळावी. वरच्या थरात थोड्या, मोठ्या कळा; गरज लागली तरच उघडणाऱ्या बारीक कळा खालच्या थरात. आतले शेकडो आकार अॅनिमेटरला दिसता कामा नयेत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २००२ सालच्या दुसऱ्या भागातल्या गॉलम या संगणकी पात्राच्या चेहऱ्यामागे असे शेकडो आकार होते. अँडी सर्किस यांचा अभिनय समोर ठेवून अॅनिमेटरांनी तो चेहरा हाताने हलवला. तीन वर्षांनी ‘किंग काँग’मध्ये त्याच सर्किस यांच्या चेहऱ्यावर खुणा लावून हालचाली टिपल्या गेल्या आणि फॅक्सच्या हिशेबाने गोरिलाच्या चेहऱ्यावर उतरवल्या गेल्या. २००९ च्या ‘अवतार’मध्ये नटांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवले गेले. त्याही आधी, १९८९ मध्ये, जिम हेन्सन यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत वॉल्डो नावाचे संगणकी पात्र एक कठपुतळीकार हाताच्या यंत्राने जागच्या जागी खेळवत होता.

चेहरा टिपण्याचे हे तंत्र आज खिशात आले आहे. आयफोनचा कॅमेरा अॅपलच्या प्रणालीतून चेहऱ्याच्या ५२ हालचालींचे आकडे क्षणोक्षणी देतो आणि तेच आकडे रिगच्या कळांना जोडता येतात. मोठी सोय आहे, पण तिची सीमाही ओळखावी. त्या ५२ पैकी जिभेसाठी एकच हालचाल आहे, जीभ बाहेर काढणे. त, ट आणि ळ मध्ये जीभ काय करते, ते हा कॅमेरा सांगत नाही. ते अॅनिमेटरला हातानेच भरावे लागते.

कळा वाढवल्या आणि कातडी हुबेहूब केली की चेहरा अधिक जिवंत होईल, असे अनेकांना वाटते. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच याबद्दल सावध केले होते. माणसाच्या अगदी जवळ पोचलेले पण पूर्ण माणूस न झालेले रूप पाहणाऱ्याला अस्वस्थ करते, असे त्यांनी मांडले. रिगच्या भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे. कातडीची छिद्रे दिसू लागली की प्रेक्षक पापणीकडूनही तेवढ्याच खरेपणाची अपेक्षा करतो. साधा चेहरा कमी कळांत अधिक सांगू शकतो. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांच्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातली मांजर एकही शब्द बोलत नाही. डोळे, कान आणि अंगाची ठेवण यांवर तिचे सगळे भय आणि सगळा विश्वास उभा आहे.

‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये केला गेला. हे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त परवान्याखाली आहे, कोणालाही फुकट वापरता येते. त्यात शेप की आहेत, एका कळीने दुसरी चालवणारे ‘ड्रायव्हर’ आहेत, चेहऱ्यासह तयार सांगाडा देणारे ‘रिगिफाय’ आहे. ब्लेंडर स्टुडिओने आपल्या लघुपटांतली पात्रे रिगसकट सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. ती उघडून आतली कळ न् कळ पाहता येते. शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंत आपली मुले परदेशी चित्रपटांसाठी हे काम रोज करतात. कौशल्याचा तोटा मुळीच नाही. तोटा आहे तो मराठीसाठी जाणीवपूर्वक बांधलेल्या चेहऱ्यांचा. हे काम मोठ्या भांडवलाची वाट पाहत बसणारे नाही. एक साधा चेहरा घ्यावा. डोळे आणि पापण्या आधी बांधाव्यात, मग भुवया, मग जबडा आणि ओठ, मग जीभ. वर्णमाला म्हणायला लावून तो तपासावा. घरातल्या माणसांना बोलताना न्याहाळावे, त्यांच्या परवानगीने चित्रित करावे आणि कोणाची कोणती भुवई आधी उचलली जाते ते टिपून ठेवावे. चेहरा नीट जमला की तो रिग इतरांसाठी खुला करावा, म्हणजे मराठीत गोष्ट सांगू पाहणाऱ्या पुढच्या अॅनिमेटरला पहिल्या कळीपासून सुरुवात करावी लागणार नाही.